पाच वड्या खांडवीच्या

अठ्ठावीस डिसेंबर. सकाळी आठला चीक गाळायला घेतला. रावेतला आमच्या सोसायटीत दूध घालणारा माणूस थंडीत एकदोनदा विचारतो, "ताई, चीक पाहिजे का?" मी लगेच हो म्हणते, कारण विचार करत बसलं तर तो दुसऱ्या विंगेत जातो. चीक येतो प्लास्टिकच्या पिशवीत, वर गाठ मारलेली. कोणत्या म्हशीचा, कितव्या दिवसाचा, हे त्यालाही सांगता येत नाही. म्हणून मी आधी वाटी लावते. म्हणजे चिकात थोडं कमीच दूध घालायचं, त्यातला अर्धी वाटी चीक वेगळा काढायचा, चिमूटभर साखर घालून वाफवायचा आणि खाऊन बघायचं. दाताला चिवट लागला तर दूध वाढवायचं. दूध आधीच जास्त झालं तर मात्र काही करता येत नाही, घातलेलं दूध बाहेर काढता येत नाही. चाकणच्या कंपनीत मी क्वालिटीला पंचवीस वर्षं काढली. पहिला पार्ट मोजून पास केल्याशिवाय लॉट चालू करायचा नाही, हा नियम मी कितीतरी नव्या मुलामुलींना शिकवला. तो मी कंपनीत शिकले, असं सगळ्यांना वाटतं. मी तो चुलीपुढे शिकले, माझ्या चुलतीकडून.

चुलती म्हणजे नानी, माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची, तात्यांची बायको. तात्या सोडून सगळे तिला नानीच म्हणायचे, माझी आईसुद्धा. आमचं घर निगडीच्या मागच्या बाजूला, जुन्या गावठाणात. जमीन बरीचशी प्राधिकरणाच्या नव्या वसाहतीत आणि कारखान्यांत गेली होती. तात्या आणि बाबा दोघंही जवळच्याच एका कारखान्यात शिफ्टला जायचे. घरात आम्ही पाच माणसं आणि मागच्या गोठ्यात एक म्हैस, चंद्री. स्वयंपाकघर आईचं होतं आणि गोठा नानीचा. जावाजावांत कधी भांडण झालेलं मला आठवत नाही, कारण हद्द ठरलेली होती. दूध चुलीवर चढेपर्यंत नानीचं, चढलं की आईचं. नानी कामाशिवाय स्वयंपाकघरात यायची नाही आणि आई गोठ्यात जायची नाही. फक्त चिकाचं सगळं, अगदी वड्या पाडेपर्यंत, नानीकडे. त्या चारपाच दिवसांत आई चुलीचा एक भाग तिला मोकळा करून द्यायची आणि आपण दुसऱ्या बाजूला भाकरी थापायची.

कंपनीच्या भोंग्यावर आमचं घर चालायचं. पहाटेच्या भोंग्याला नानी धारेला बसायची, दुपारच्या भोंग्याला आई डबा बांधायची. पण खरवसाच्या दिवशी माझा कान दुसऱ्याच आवाजाकडे असायचा. नानी मोठ्या पातेल्यात पाणी घ्यायची, त्यात विटेचा तुकडा ठेवून वर कल्हईचा पितळी डबा बसवायची, आणि पाण्यात तांब्याचा एक जुना पैसा टाकायची. पाणी उकळायला लागलं की पैसा पातेल्याच्या बुडाशी टणटण वाजायला लागायचा. तो वाजतोय तोवर पाणी आहे असं समजायचं. आवाज बोदा झाला की नानी गोठ्यातून ओरडायची, "पाणी घाल गं!" झाकण उघडून बघायची गरज नाही, आणि वाफही जात नाही. डब्याच्या झाकणाला ती धुतलेलं फडकं बांधायची. झाकणावर साठलेलं पाणी खरवसावर ठिबकलं तर त्याला भोकं पडतात, आणि भोकं पडलेला खरवस तिला चालत नसे.

पहिल्या दिवसाचा चीक हळदीसारखा पिवळा आणि जाड, बोटाला चिकटणारा. त्यात शेजारच्या घरून आणलेलं दूध दुप्पट घालायचं. दुसऱ्या दिवशीच्या चिकात बरोबरीनं, तिसऱ्या दिवशी त्याहून कमी, पुढे नुसताच. गूळ किसून त्या थंड दुधातच विरघळवायचा आणि मग गाळायचा, कारण तेव्हाच्या गुळात काय काय निघायचं ते सांगण्यासारखं नाही. वेलदोडा, जायफळ, बस. हे प्रमाण नानीनं मला कधी असं सांगितलं नाही. मी शेजारी बसून वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. तिला विचारलं तर ती म्हणायची, "म्हैस सांगती." आणि वाटी लावायची. वाटीतला खरवस ती आधी बोटाने दाबून बघायची, मग कानाजवळ नेऊन चावायची, असं मी म्हणते कारण ती चावताना मान तिरकी करायची. चांगला खरवस दाताखाली किंचित करकरतो आणि मग विरघळतो. ती करकर ऐकू आली की ती मोठा डबा चढवायची.

खरवसाच्या दिवशी संध्याकाळी उकड ठरलेली. दिवसभर गोड खाऊन तोंडाला मिठी बसलेली असते, असं नानीचं म्हणणं. मावळातल्या तांदळाचं पीठ, आंबट ताक, भरपूर लसूण आणि हिरवी मिरची. वर कच्चं तेल. ती मात्र आई करायची. एकाच घरात एक वाफवलेलं गोड आणि एक वाफवलेलं तिखट, एक नानीचं आणि एक आईचं. मी दोन्ही पोटभर खायची.

आता नियमाचं सांगते. आमच्याकडे चीक विकत नसत, घरोघर पाठवत. नेऊन द्यायचं काम माझं. आणि ज्या भांड्यात चीक गेला ते भांडं परत येताना दोन गोष्टी बघायच्या: ते रिकामं यायचं नाही आणि धुऊन यायचं नाही. कोणी मूठभर तांदूळ घाली, कोणी साखर, कोणी दोन हिरव्या मिरच्या. काही नसलं तर चमचाभर पाणी, पण रिकामं नाही. आणि धुतलं तर म्हशीचं दूध धुतलं जातं, म्हैस पान्हा चोरते. गावातल्या प्रत्येक बाईला हे माहीत होतं, त्यामुळे ते कोणाला सांगावं लागत नसे.

त्या वर्षी मी दहावीला होते आणि सहामाहीत गणितात नापास झाले होते. बाकीच्या विषयांत बरी होते. तात्यांचं म्हणणं सरळ होतं, आणि ते काही रागानं बोलले नव्हते. "पास झाली तर पुढं बघू. न्हाई झाली तर घर हाय, गोठा हाय, नानी हाय शिकवायला." बाबा थोरल्या भावापुढे बोलत नसत. मला डिप्लोमा करायचा होता. आदल्या वर्षी शाळेने आम्हाला एक कारखाना दाखवायला नेलं होतं. तिथे निळा कोट घातलेली एक बाई हातात मायक्रोमीटर धरून उभी होती आणि चार पुरुष ती काय सांगते याची वाट बघत होते. तिनं मान हलवली आणि ते चौघं मुकाट्यानं तो पार्ट उचलून परत घेऊन गेले. मला ती बाई व्हायचं होतं. त्यासाठी गणित सुटायला हवं होतं, आणि ते माझं मला सुटत नव्हतं.

बाबांच्या कंपनीतल्या एका इंजिनियरसाहेबांची बायको, लिमयेबाई, दुसऱ्या एका शाळेत गणित शिकवायच्या. बाबांनी साहेबांना विचारलं, साहेबांनी बाईंना, आणि बाई म्हणाल्या, "पैसे नकोत. वेळेवर येत जा, एवढंच." मी रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर प्राधिकरणात त्यांच्या घरी जायची. छोटा बैठा बंगला, टेबल, डोक्यावर पंखा. बाई मूळच्या कोकणातल्या. त्यांच्या स्वयंपाकघरातून तूप, आलं आणि ओल्या खोबऱ्याचा वास यायचा, आमच्या घरात कधी न येणारा. दोन महिन्यांत माझी समीकरणं सुटायला लागली. भूमिती अजून अडत होती, पण बाई म्हणायच्या, "तू चित्र घाईनं काढतेस. आधी दिलेलं काय आहे ते लिही."

चंद्री व्यायली ती मार्गशीर्षात. दुसऱ्या दिवशीचा चीक नानीनं कडीच्या डब्यात घालून माझ्या हातात दिला. "तुझ्या बाईला दे. पोरीला शिकवती, तिला पयला मान." मी तो सांभाळत नेला.

"हे काय गं?" बाईंनी झाकण उघडून विचारलं.

"चीक. नानीनं पाठवलाय. आणि बाई, डबा धुऊ नका. आणि रिकामा देऊ नका."

बाई हसल्या. "दोन अटी! प्रमेयात तुला एवढं लक्षात राहिलं असतं तर! बरं, घरात माणसं किती तुम्ही?"

"पाच."

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर बाईंनी डबा परत दिला. झाकण उघडून दाखवलं. आत केळीच्या पानाचा तुकडा, आणि त्यावर पाच वड्या, गुळाच्या रंगाच्या, वर ओलं खोबरं. "खांडवी," बाई म्हणाल्या. "माणशी एक. घरी जाऊन सगळे मिळून खा."

प्राधिकरणातून आमच्या घरी यायला पाऊण तास लागायचा. हायवे ओलांडायचा, मग कंपनीच्या लांबलचक भिंतीला धरून चालायचं. भिंत सुरू झाली तिथे मी माझी वडी खाल्ली. ती माझीच होती, त्यात काही चुकीचं नव्हतं. तोपर्यंत मी खांडवी कधी खाल्ली नव्हती. भाजलेली तांदळाची कणी, मऊ पण मोकळी, गूळ, आणि घशात मागाहून येणारं आलं. मग मला आठवलं की बाबांची सेकंड शिफ्ट आहे, ते येईपर्यंत वडी वाळून जाईल. बाबांची खाल्ली. तात्यांना गोड आवडतच नव्हतं. आईनं आपली वडी मलाच दिली असती, ती नेहमी देते. उरली नानीची. एकटी नानीची वडी घरी नेली तर बाकीच्या चार कुठे गेल्या हे ती विचारणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. समीकरण बरोबर सुटलं होतं. भिंत संपायच्या आत डबा रिकामा झाला. गूळ डब्याला चिकटला होता, खोबरं लागलं होतं. भिंतीच्या टोकाला सार्वजनिक नळ होता. मी डबा खळखळून धुतला, ओढणीनं पुसला आणि घरी गेले. चमचाभर पाणी आत राहू दिलं असतं तरी डबा रिकामा ठरला नसता, इतकं साधं डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात फक्त गूळ दिसू नये एवढंच होतं.

नानीनं डबा हातात घेतला, झाकण काढलं, उजेडाकडे धरला. मग वास घेतला.

"धुतलाय व्हय?"

मी ओढणीचं ओलं टोक मुठीत धरलं.

"आगं, कुणी धुतला?"

"बाईंनी तसाच दिला," मी म्हणाले.

"रिकामा? धुऊन?"

"व्हय."

"सांगितलं न्हाईस त्यांना?"

"सांगितलं व्हतं."

या तीन उत्तरांतलं शेवटचं तेवढं खरं होतं, आणि त्यानंच सगळं बिघडवलं. न सांगता धुतलं असतं तर नानीनं सोडून दिलं असतं. सांगूनही धुतलं, म्हणजे आमच्या शब्दाला किंमत नाही. "शिकलेली माणसं," एवढंच म्हणून तिनं डबा खुंटीला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रीनं पान्हा चोरला. नानीनं पारडू सोडलं, सडांना तूप लावलं, पाठीवर हात फिरवला, पुढ्यात सरकी ठेवली. चंद्री कान ताठ करून उभी, थेंब देईना. आज मला कारण माहीत आहे. त्याच सकाळी मागच्या प्लॉटवर बोअर मारायची गाडी आली होती आणि गोठ्याची जमीन थरथरत होती. नुकती व्यायलेली म्हैस घाबरणारच. पण त्या दिवशी गोठ्यात बसलेल्या कोणालाही, मलासुद्धा, बोअर आणि म्हैस यांचा संबंध जोडावासा वाटला नाही. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तो लखलखीत डबा होता. नानी रिकामी चरवी घेऊन बाहेर आली आणि अंगणात उभी राहून म्हणाली, "आजपासनं त्या घरी जायाचं न्हाई."

आई दारात आली. "नानी, अहो पण तिचं गणित..."

"शाळंत शिकवत न्हाईत व्हय गणित? ज्या घरात आपल्या म्हशीचं वाईट झालं, त्या घरची विद्या नगं आपल्याला."

नानी चिडून बोलली असती तर आईनं संध्याकाळी समजावलं असतं. ती शांत बोलली. तात्यांनी ऐकून मान हलवली. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि दुपारी आपला जेवणाचा डबा उचलून कामाला गेले. बोअर चार दिवस चालला. चार दिवस चंद्री जेमतेम पारडापुरतं दूध देत होती आणि चार संध्याकाळी मी घरी बसून भूमितीच्या पुस्तकाकडे बघत होते. चित्र काढायची आणि पुढे काही सुचायचं नाही. खरं सांगितलं की तास परत सुरू होणार होता, हे मला कळत होतं. पण खरं सांगायचं म्हणजे कोणाकोणाला काय काय सांगायचं याची यादी रोज लांबत होती. सुरुवातीला फक्त वड्या होत्या. मग डबा. मग बाई. आता म्हैसही माझ्याच डोक्यावर होती, कारण नियम मलाही खराच वाटत होता.

पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, लिमयेबाई स्वतः आल्या. पत्ता विचारत, चालत. नानी अंगणात शेण्या थापत होती, मी नळावरून कळशी घेऊन येत होते. बाईंना बघून मी फाटकातच थांबले.

"मी लिमये. हिला गणित शिकवते. चार दिवस आली नाही. आजारी आहे का?"

"न्हाई," नानी म्हणाली. हात शेणातच. "घरात काम व्हतं."

"परीक्षा तोंडावर आहे हो. आता एकेक दिवस मोलाचा आहे."

नानी पुढची शेणी थापायला लागली. बसा म्हणाली नाही. बाईच पायरीवर बसल्या, पदरानं घाम पुसला आणि शेजारघरी गप्पा मारायला आल्यासारख्या म्हणाल्या, "चीक पाठवलात, फार बरं वाटलं. माझा खरवस मात्र फसला. चेंडूसारखा उडत होता, सुरी लागेना. साहेब म्हणाले, हा मशीनवरच कापावा लागेल." स्वतःच हसल्या. मग म्हणाल्या, "आणि हो, खांडवी कशी झाली होती? पाचच घातल्या, माणशी एक. त्या दिवशी आलं जरा जास्त पडलं होतं, म्हटलं तुम्हाला तिखट लागते की काय."

माझ्या कळशीतलं पाणी हिंदकळून पायावर सांडलं. नानीनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं हातातली शेणी पुरी थापली, कडा बोटांनी सारख्या केल्या, बादलीत हात धुतले. एक एक बोट वेगळं करून धुतलं.

"चांगली झाली व्हती," ती म्हणाली. "आलं बरोबर व्हतं."

आणि मग तिनं माझ्याकडे बघितलं. मी इतकी वर्षं कितीतरी लोकांना त्यांच्या चुका दाखवल्या, पण तसं बघणं मला कधी जमलं नाही.

"बसा," ती बाईंना म्हणाली. "हितं नको, आत चला. उकड करते. लसूण चालतो का तुमच्यात?"

"चालतो काय, धावतो."

"मग भरपूर घालते."

आणि नानी आईच्या स्वयंपाकघरात गेली. मी पहिल्यांदा तिला उकड करायला बसलेली बघत होते. आईनं पाट सरकवून दिला आणि माझ्या हातात लसूण ठेवला. नानीनं ताकात पीठ कालवलं, एकही गुठळी राहू दिली नाही. कढईत तेल, मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, मिरची, कढीपत्ता, हळद. त्यात कालवलेलं ताक ओतलं आणि उलथनं फिरवत राहिली. पातळ असलेलं हळूहळू जड होत गेलं, मग कढईची कड सोडायला लागलं. तिनं झाकण ठेवलं, विस्तव मागे ओढला.

"आता हलवायचं न्हाई. आपली आपण शिजू द्यायची." मग सहज विचारल्यासारखी, "खांडवीत तुमी पीठ घालता का कणी?"

मी लसूण सोलायचं थांबले. बाई म्हणाल्या, "तुम्हीच सांगा ना. खाताना काय वाटलं?"

नानीनं झाकण नीट बसवलं. "हिला इचारा," ती म्हणाली. "हिला जास्त कळली."

"कणी," मी म्हणाले. "तुपात भाजलेली."

"अगदी बरोबर!" बाई खूश झाल्या. "जीभ चांगली आहे हो हिची."

"जीभ लई चांगली हाय," नानी म्हणाली.

आईनं तोंड फिरवून भांडी लावायला घेतली. तिच्याही लक्षात आलं होतं, हे तिच्या पाठीवरून कळत होतं.

बाईंनी उकड दोनदा घेतली, वर तेलही दोनदा. खाता खाता त्यांनी खरवसाचं प्रमाण विचारलं. नानीनं त्यांना वाटी लावायचं सांगितलं. "आधी वाटीत बघायचं. सगळा डबा एकदम चढवायचा न्हाई."

"पण दूध किती?"

"ते म्हैस सांगती."

"मग चालायचं नाही माझं," बाई म्हणाल्या, "मला आकडा लागतो."

तेव्हा आई मध्येच म्हणाली, "हिच्या वहीत हाय लिहिलेलं." वही आणावी लागली. बाईंनी मागचं पान वाचलं, पहिला दिवस दुप्पट, दुसरा बरोबरीनं, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे तुला येतं आणि गुणोत्तर येत नाही म्हणतेस?" मी मान खाली घातली. माझं खरंच तोपर्यंत लक्ष गेलं नव्हतं की हे गुणोत्तर आहे. जाताना त्या फाटकाशी वळल्या. "उद्यापासून ये गं."

"येईल," नानी म्हणाली. "उद्या सकाळीच येईल, शाळेच्या आधी."

बाई दिसेनाशा झाल्या आणि मी थोबाडीत बसायची वाट बघत उभी राहिले. नानी चुलीपाशी बसून लसणाची सालं गोळा करत होती. थोबाडीत बसेना, म्हणून मीच विचारलं, "चांगली झाली व्हती, असं का सांगितलंस तू?"

"मग काय सांगू? आमची पोर वाटंत खाती आन भांडं धुऊन आणती, आसं?" तिनं सालं सुपात टाकली. "म्हैस माझी हाय, तिचं मी बघीन. त्या बाईचं नाव घेतलंस, ते तुझं तू निस्तर. मी त्यात न्हाई."

"व्हय."

"तात्यास्नी मी सांगीन, डबा धुतला ते चुकून धुतला. कुणी, ते सांगायची न्हाई." मग दुसरीकडे बघत, "कशी व्हती?"

"काय?"

"खांडवी."

"लई चांगली," मी म्हणाले. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं हसू, आणि ते दिसू नये म्हणून मी मान खाली घालून लसणाचा उरलेला गड्डा सोलत बसले. नानी हसली नाही. तिच्या वाटणीची वडी गेली होती.

बोअरची गाडी आदल्या संध्याकाळीच निघून गेली होती. त्या रविवारी संध्याकाळी चंद्रीनं चरवी भरून दूध दिलं. पुढे एकदा मी, चांगली कमावती झाल्यावर, नानीला बोअरचं सांगून बघितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आसंल. पण डबा धुतलाच व्हता न्हवं?" तिच्या हिशेबी नियम एकदाही खोटा ठरला नाही. रावेतच्या दूधवाल्याची पिशवी मी आता धुऊन कचऱ्यात टाकते, आणि टाकताना दर वेळी हात अडखळतो. म्हैस कोणाची तेही माहीत नसताना.

बाई घरी येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या भोंग्याला उठले. धुकं होतं. हायवेवर ट्रकचे दिवे दिसत होते, ट्रक दिसत नव्हते. कंपनीच्या भिंतीजवळून जाताना मी काय बोलायचं ते मनात तीनदा म्हटलं, आणि प्रत्येक वेळी ते लांब होत होतं, म्हणून शेवटी सगळी प्रस्तावना काढून टाकली. आधी दिलेलं काय आहे ते लिहायचं. बाईंची बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं, हात कणकेनं भरलेले.

"आलीस? ये, आत ये."

मी उंबऱ्याबाहेरच थांबले. "बाई, वड्या घरी गेल्याच नाहीत. पाचही मी वाटेत खाल्ल्या. डबा मी धुतला. घरी सांगितलं तुम्ही धुतला, रिकामा दिला. म्हैस आटली ती तुमच्यामुळे, असं सगळ्यांना वाटलं. म्हणून मला तुमच्याकडे पाठवत नव्हते. काल नानीला कळलं, तुम्ही विचारलंत तेव्हा."

एवढं बोलून झालं. बाई कणकेचे हात तसेच धरून माझ्याकडे बघत होत्या. मी चपला काढल्या नाहीत. त्या आत ये म्हणाल्या होत्या, पण ते ऐकायच्या आधी म्हणाल्या होत्या. ऐकल्यावर परत म्हणाल्या तरच काढायच्या, असं ठरवून मी वही छातीशी धरून तिथेच उभी राहिले.